पहिली फेरी

गाडी दुकानासमोर उभी राहिली की ते आधी माणसाकडे बघतच नसत. खाली उकिडवे बसत, टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत हात घालत आणि बोटांनी अंतर जोखत. हात मोकळा फिरला तर मान डोलवत, अडकला तर जिभेने 'च्च' करत. मग उठून पँटवरची माती झटकत आणि गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारत, "गाडीला इचारलं का?"

गिऱ्हाईक गोंधळून जाई. भिंतीवरच्या चकचकीत चाकांपैकी एकाकडे बोट दाखवत उभं असे आणि इथे हा माणूस गाडीला विचारायच्या गोष्टी करत असे.

"तुमाला कोनतं आवडतंय ते मागून बगू. तिला कोनतं चालतंय ते आदी."

श्रीरामपूरहून बेलापूरकडे निघालं की रस्त्याला लागूनच त्यांची पत्र्याची शेड आहे. भांड्यांच्या दुकानात पराती टांगाव्यात तशी आत ॲलॉयची चाकं टांगलेली. गाडीची मूळची चाकं काढून कुणाला देखणी हवी असत, कुणाला मोठी, कुणाला खड्ड्यात वाकणार नाहीत अशी. सगळे त्यांच्याकडेच येत. असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेलच. तुम्ही त्याच्यावर डोळे मिटून विसंबत असाल. मीही विसंबत होते, आणि त्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी राहात्याच्या शाळेत शिकवते. श्रीरामपुरातून रोज माझ्या जुन्या छोट्या गाडीने जाते-येते. सोबत पवार बाई असत, त्याच शाळेतल्या. उसाच्या ट्रेलरांनी त्या रस्त्याची जी चाळण केली आहे, ती ज्याने भोगली त्यालाच कळेल. माझ्या गाडीची लोखंडी चाकं ठोकून ठोकून बेजार झाली होती. तशात राहात्यात एका गाडीला रुंद, काळीभोर, चंदेरी कडेची चाकं पाहिली आणि माझं मन त्यांच्यावर बसलं. तडक त्यांच्या दुकानात गेले आणि फोनवरचा फोटो पुढे धरला.

त्यांनी फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. फटीत हात घातला, उठले आणि म्हणाले, "मॅडम, दुसऱ्याची चप्पल पायात जाती, पर चालू देत न्हाई."

"म्हणजे बसणार नाहीत?"

"बसवायचं म्हनलं तर कोनतंबी चाक बसवतेत लोक. बोल्टाची भोकं जुळली की झालं, आसं वाटतं त्यास्नी. मधलं भोक जुळाया नगं? चाक आत किती बसतंय, भाईर किती येतंय, ते नगं बगाया? ह्ये रुंद चाक तुमच्या गाडीला घातलं, तर वळणावर मडगार्ड खाईल."

"मग काय करू?"

"आज घरी जावा."

मी चांगलीच तणतणले. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला घरी जा म्हणणारा दुकानदार मी तोवर पाहिला नव्हता. पण घरी पोचेपर्यंत राग उतरला, आणि हा माणूस आपल्याला फसवणार नाही, अशी माझी खात्री झाली. बघा, माणसाची खात्री कशी होते. त्याने नाही म्हटलं की होते.

नंतर बेलापूरला आईकडे जाता-येता मी त्यांच्याकडे हवा भरायला थांबू लागले. तिथल्या बाकड्यावर बसून मी जे पाहिलं, त्यातलं एक सांगते. पाथर्डीकडचा एक जीपवाला आला होता. ऊसतोडीची माणसं कारखान्यावर सोडून परत चालला होता. त्याला एका चाकाला टायर बदलून हवा होता. टायर उतरवला तर आतून रिमला वेल्डिंगचा जाड जोड दिसला.

"ह्ये कुनी केलं?"

"गावात केलं. मजबूत हाय की."

"मानसं किती बसवतो?"

"बसतील तेवढी," जीपवाला हसत म्हणाला.

ते हसले नाहीत. कोपऱ्यातला घण उचलला आणि जीपवाला ओरडत असताना त्या जोडावर घाव घालत राहिले. जोड उकलला तेव्हाच थांबले. मग आतून एक जुनं, पण धड लोखंडी चाक काढून जीपला चढवलं आणि म्हणाले, "जोड दिल्यालं चाक कांदं नेईल, ऊस नेईल. मानसं न्हाई न्यायची त्याच्यावर." जीपवाला शिव्या देत गेला. मी मात्र दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये ही हकिगत रंगवून सांगितली, घणासकट. त्या हकिगतीच्या जोरावर आमच्या शाळेतल्या निम्म्या गाड्या त्यांच्या दुकानात गेल्या.

आता त्यांच्या पहिल्या फेरीबद्दल. नवीन चाकं चढवली की दुकानात पद्धत ठरलेली होती. चारी चाकांखाली लिंबं ठेवायची आणि गाडीची पहिली फेरी त्यांनी स्वतः मारायची. मालक शेजारच्या सीटवर. बेलापूरच्या प्रवरेच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. खिडकीची काच खाली, कोपर बाहेर, मान जरा बाहेर झुकलेली. वाटेत मालकाने तोंड उघडलं की हात वर करत, "बोलू नगा. चाक बोलतंय." परत आल्यावर एक तर चावी मालकाच्या हातात देत, नाहीतर एक अक्षर न बोलता गाडी पुन्हा जॅकवर चढवत. एका डॉक्टरांची गाडी त्यांनी अशी संध्याकाळपर्यंत चढवली-उतरवली होती. डॉक्टर शेवटी बाकड्यावरच झोपून गेले.

मी एकदा म्हटलं होतं, "भाऊ, आम्ही ख्रिस्ती. माझ्या गाडीला लिंबं नकोत."

"लिंबू टायरला लागतंय ताई, धरमाला न्हाई."

मॅडमची ताई कधी झाले, ते मला आठवत नाही. बहुधा नाताळाचा फराळ नेऊन दिला तेव्हा. डबा परत आला तो गुळाच्या पोळ्या भरून, त्यांच्या घरच्यांच्या हातच्या. मग दिवाळीत भाऊबीजेला मी आईकडे असताना ते सकाळीच दारात हजर. हातात पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट. चाकांच्या काळ्या तेलाशिवाय त्यांचे हात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. "मला सख्खी भैन न्हाई," म्हणाले आणि पाटावर बसायचं सोडून माझ्या गाडीचा मागचा टायर बघायला अंगणात गेले. आई मला म्हणाली, "हा भाऊ तुझा की गाडीचा?" मला सख्खा भाऊ नाही. आईचं बोलणं मी हसण्यावारी नेलं, पण ओवाळताना मला भरून आलं होतं.

चाकं शोधायचं काम मी त्यांच्यावरच सोपवलं होतं, पण माझ्या गाडीच्या मापाची काही केल्या मिळेनात. गाडी जुनी, चार बोल्टांची, आणि भाऊंना हवं तस्सं आत बसणारं चाक बाजारात दुर्मीळ. मी कंटाळून म्हणे, "थोडं इकडे-तिकडे चालेल हो." ते कानाला हात लावत. "मधी वॉशर टाकून मेळ घालणारी लोकं लई हायेत. माज्या भैनीच्या गाडीला मी तसलं करीन व्हय?" मी थांबले. पावसाळा गेला, दिवाळी गेली, मी थांबलेच. त्या थांबण्याचाही मला अभिमान वाटायचा. पवार बाई चिडवायच्या, "तुमच्या भावाला मुलगी बघायला इतका वेळ लागला नसता."

आणि एक दिवस त्यांचा फोन आला. "ताई, सेट आलाय. गाडीला इचारलं. हो म्हनली."

मी शाळेतून थेट दुकानात गेले. चंदेरी, साधी, पाच पाकळ्यांची चाकं. टायर आधीच चढवून ठेवलेले. मला ती फार आवडली. त्यांनी जॅक लावला, जुनी चाकं उतरवली, नवी चढवली, बोल्ट फिरत्या क्रमाने समोरासमोरचे आवळले. खाली बसून फटीत हात घातला. हात मोकळा फिरला. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मी उत्साहाने शेजारच्या सीटवर जाऊन बसले आणि काच खाली केली. किती जणांना असं बसून जाताना पाहिलं होतं मी. आज माझी पाळी होती.

ते दाराशी आले. चावी माझ्याच हातात ठेवली.

"तुमी न्या, ताई."

"आणि पहिली फेरी?"

"ती परक्या गिऱ्हाइकाला. घरच्या गाडीला कशाला फेरी?"

तुम्ही तिथे असता तर तुम्हाला काय वाटलं असतं? मला वाटलं, हा मानच आहे. मी उठून स्टिअरिंगवर बसले, लिंबं चिरडली आणि हात हलवत निघाले. आरशात ते दिसले. हात पुसत उभे होते. एरवी गाडी निघाली की ते पाठ फिरवत. त्या दिवशी बघत राहिले होते. तेही मला मायेचंच वाटलं.

काही आठवड्यांनी मागच्या डाव्या चाकातली हवा कमी व्हायला लागली. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी हवा भरली, वॉल्व्हवर थुंकी लावून पाहिली आणि म्हणाले, "वॉल्व्ह गळका हाय, बदलून टाकू." बदलला. हवा पुन्हा कमी झाली. पुन्हा गेले. पुन्हा भरली. प्रत्येक वेळी मला बाकड्यावर बसवून चहा पाजला, आईची चौकशी केली. हे मी मुद्दाम सांगते आहे. एकदा हात घसरणं वेगळं. चहा पाजत पाजत हवा भरून देणं वेगळं.

मग ती सकाळ. बाभळेश्वरच्या अलीकडे, पाटाच्या कडेने रस्ता जातो तिथे. समोर उसाची ट्रॅक्टरगाडी, दोन ट्रॉल्यांची. तिला वाट द्यायला मी डावीकडे घेतलं, चाक खड्ड्यात आदळलं. असले खड्डे रोजचेच. पण त्या दिवशी खालून कडाड्कन आवाज आला आणि गाडी मागून ओढल्यासारखी पाटाकडे सरकली. मी कशी आवरली, सांगता येणार नाही. थांबली तेव्हा पवार बाईंच्या बाजूला खाली नुसतं पाणी होतं. त्यांचं कपाळ काचेवर आपटलं होतं. त्या माझा दंड धरून बसल्या होत्या. संध्याकाळपर्यंत माझ्या दंडावर त्यांच्या बोटांचे वळ होते.

जवळच्या पंक्चरवाल्याने येऊन चाक काढलं. त्याची आतली कड फुटली होती. त्याने फुटल्या जागी नखाने खरवडलं तसा चंदेरी रंग पापुद्र्यासारखा निघाला, आणि खाली वेल्डिंगचा जोड दिसला.

"मॅडम, ह्ये जुडवल्यालं हाय. वरून रंग मारलाय. कुनी घातलं तुमाला?"

मी म्हटलं, "माहीत नाही. गाडी घेतली तेव्हापासून आहे."

का म्हटलं असं? त्यांचं नाव माझ्या तोंडून निघेना. आदल्या भाऊबीजेला ओवाळलेल्या माणसाचं नाव पंक्चरवाल्यासमोर कसं घ्यायचं? पवार बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं. स्टाफरूममध्ये घणाची गोष्ट त्यांनीच सगळ्यात जास्त वेळा माझ्याकडून ऐकली होती. त्या नंतर माझ्या गाडीत बसल्या नाहीत. भांडण नाही, अबोला नाही. स्टँडवर जाऊन एसटीची वाट बघत उभ्या राहतात. मी समोरून जाते तेव्हा हसतात.

फुटलेलं चाक डिकीत टाकून, स्टेपनी लावून मी त्याच दिवशी दुकानात गेले. चाक त्यांच्या पायाशी टाकलं. वाटभर मी शिव्या जुळवत आले होते. या माणसाला आज अरे-तुरेच करायचं, असं ठरवलं होतं. पण तोंडातून 'भाऊ'च निघालं.

"भाऊ, हे काय आहे?"

ते खाली बसले. जोडावरून बोट फिरवलं. खोटं बोलतील असं वाटलं होतं, आणि बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

"लागलं का कुनाला?"

"पवार बाईंचं डोकं आपटलं. पाटात जायचो आम्ही. मला सांगा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"आलं तेव्हापासून?"

"सेट लई दिसांनी आल्ता. एक चिरल्यालं निघालं. धाडनारा परत घेईना. तुमी कवाच्या थांबलेल्या. तीन चाकांचं काय करनार? दिलं जुडवून."

"मग दुसऱ्या कुणाला का नाही घातलंत?" मी ओरडलेच. शेडमध्ये दोन गिऱ्हाइकं होती, ती बाहेर निघून गेली. "तुमच्याकडे इतकी माणसं येतात. मीच सापडले?"

त्यांनी पायाशी पडलेलं चाक उलटं करून ठेवलं. मग मान खाली ठेवूनच म्हणाले, "दुसरा मानूस चाक उलटून बगतो, ताई. तुमी बगत न्हाई."

पाटाच्या कडेला मी रडले नव्हते. हे ऐकलं आणि मला रडू फुटलं. त्यांना वाईट चाक खपवायला एक विश्वासू माणूस हवा होता, आणि अख्ख्या श्रीरामपुरात माझ्याइतकं विश्वासू त्यांना कुणी मिळालं नाही. जीपवाल्याचा जोड घणाने फोडणारा हाच माणूस. तिथे बसणारी माणसं त्याची कुणी नव्हती, म्हणून ती वाचली.

"आणि पहिली फेरी?"

"बसलो असतो तर चाक बोललं असतं. मग मलाबी बोलावं लागलं असतं."

ते उठून आत गेले. मला वाटलं, पाणी आणायला गेले. बाहेर आले ते एक गोणपाट ओढत. त्यात माझी जुनी लोखंडी चाकं होती. घासून, काळा रंग देऊन, गंज लागू नये म्हणून तेल पुसून ठेवलेली. तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगते, उतरवलेली जुनी चाकं ते त्याच दिवशी भंगारात देत. कुणाचीही ठेवत नसत.

"ठेवली हुती. लागतील आसं वाटलं."

पूर्वी कुणी मला ही गोष्ट सांगितली असती तर मी म्हटलं असतं, बघा, किती जीव होता माणसाला. आणि जीव नव्हता असं मी आजही म्हणणार नाही. पण त्या चाकांवरचं तेल बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी परत येणार, हे त्यांना माहीत होतं. कशी येणार, धडधाकट येणार की कुणी उचलून आणणार, हे माहीत नव्हतं. तरी त्यांनी वाट पाहिली, आणि वाट बघता बघता माझी चाकं रंगवली.

ती त्यांनीच चढवली. दुसरीकडे जायचं माझ्यात त्राण नव्हतं. बोल्ट आवळून झाल्यावर ते चालकाच्या दाराशी येऊन उभे राहिले. चावीसाठी हात पुढे केला.

"पुलापत्तुर जाऊन येतो, ताई."

मी चावी दिली नाही. आत बसले, दार लावलं आणि निघाले.

पुढच्या दिवाळीत ते आले नाहीत. आईने सवयीने पाट मांडला होता, तो दुपारी तिनेच उचलला. स्टाफरूममध्ये मी काही सांगितलं नाही. आमच्या शाळेतल्या निम्म्या गाड्या अजून त्यांच्याच चाकांवर फिरतात, आणि ती चाकं उत्तम आहेत, मी एकेक गाडीखाली वाकून पाहिली आहेत. फुटलं ते फक्त माझं.

मागच्या रविवारी चर्चमधून आईला घेऊन बेलापूरला निघाले होते. पुलावर समोरून एक गाडी अगदी सावकाश येत होती. मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या. चालकाच्या बाजूची काच खाली, कोपर बाहेर, मान झुकलेली. शेजारच्या सीटवर एक तरुण मुलगी बसली होती. ती काहीतरी बोलायला गेली आणि त्यांनी हात वर केला. ती तोंडावर हात ठेवून हसू दाबत गप्प बसली.

आम्ही समोरासमोर आलो तेव्हा त्यांनी आधी माझ्या चाकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आई म्हणाली, "अगं, तुझा भाऊ." मी काच वर केली.

त्या मुलीची चाकं चांगली असणार, कारण तिच्या गाडीत ते बसले होते. पुलाच्या टोकापर्यंत मी आरशात त्या गाडीकडे बघत होते आणि मला तिचा हेवा वाटत होता.